धान्याची रेल्वे-वाहतूक, दख्खनमधील

अतिरिक्त उत्पादनाच्या प्रदेशातून तुटीच्या प्रदेशात लोहमार्गाने धान्य नेण्याची व्यवस्था. पर्जन्यछायेतील दख्खनच्या पठारावर तिचा इतिहास दुष्काळांच्या इतिहासाशी निगडित आहे. धान्य स्थानकापर्यंत पोहोचणे आणि ते भुकेल्या माणसापर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी होत, हे या इतिहासातून स्पष्ट होते.

लोहमार्गापूर्वी धान्य बैलगाड्यांतून व लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून जाई. दुष्काळात चारापाण्याअभावी बैलच मरत. त्यामुळे निकड सर्वाधिक असे त्याच वेळी वाहतूक खंडित होई. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा खंडाळा–पुणे मार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्यातून आज जाणारा मुंबई–पुणे लोहमार्ग त्याचाच वारसा सांगतो. १८६३ मध्ये भोर घाटातील मार्ग पूर्ण होऊन मुंबई बंदर पठाराशी सलग जोडले गेले. १८७१ मध्ये हा मार्ग सोलापूरवरून रायचूरपर्यंत पोहोचला.

या मार्गाची पहिली मोठी कसोटी १८७६–७८ च्या दुष्काळात लागली. सरकारने धान्यव्यापारात हस्तक्षेप न करण्याचे धोरण ठेवले. व्यापाऱ्यांनी रेल्वेने धान्य आणले. तथापि पिके बुडालेल्या शेतमजुरांपाशी आणि कारागिरांपाशी वाढलेल्या भावाने ते घेण्यास पैसा नव्हता. १८७७ च्या आरंभी दुष्काळी कामांवरील मजुरी कमी करण्यात आली, तेव्हा हजारो मजुरांनी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने रयतेची स्थिती गावोगावच्या माहितीसह सरकारपुढे मांडली व मजुरीच्या कपातीस विरोध केला. धान्य उपलब्ध असूनही माणसे उपाशी राहू शकतात, हा या विवादाचा मथितार्थ होता.

दुष्काळी मजुरांच्या श्रमाचा उपयोग झालेला दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये खुला झाला व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा लोहमार्गांच्या जाळ्यात आला. रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये ५,००० मैलांचे लोहमार्ग तातडीने आवश्यक असल्याचे व देश सुरक्षित होण्यास एकूण २०,००० मैलांची गरज असल्याचे नमूद केले. सदर्न मराठा रेल्वे कंपनी १८८२ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर मार्गांची लांबी वाढली, परंतु १८९६–९७ व १८९९–१९०० च्या दुष्काळांत मनुष्यहानी टळली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात अमेरिकेशी १९५६ मध्ये झालेल्या करारान्वये आलेला गहू मुंबईसारख्या बंदरांतून रेल्वेने देशात वितरित होई. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले आणि पंजाब, हरियाणा येथील अतिरिक्त धान्य तुटीच्या राज्यांकडे नेण्याचे काम प्रामुख्याने त्याच्याकडे आले. १९७२–७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर एका वेळी सुमारे ५० लक्ष लोक होते. स्वस्त धान्य दुकानांतील पुरवठा अपुरा पडत असतानाही या मजुरीमुळे लोकांना धान्य विकत घेता आले. शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळाशी तुलना करता हा फरक निर्णायक ठरतो. रोजगाराच्या या हमीस १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले.

पूर्वी सुमारे २२ टन क्षमतेच्या चारचाकी वाघिणी वाटेतील यार्डांत पुनःपुन्हा जोडल्या-तोडल्या जात. यात कालापव्यय व गळती होई. आता साधारणतः ४२ बंद वाघिणींची गाडी सुमारे २,६०० टन धान्य एकाच ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेते. बहुतेक धान्य पोत्यांतून जाते. ते हमाल भरतात आणि उतरवितात. २००७ पासून कैथल (हरियाणा) येथील कोठारातून नवी मुंबई येथील ५०,००० टन क्षमतेच्या कोठाराकडे मोकळा गहू नेण्याची सोय झाली. वरून भरण्याच्या व तळातून रिकाम्या होणाऱ्या खास वाघिणींमुळे या साखळीत पोत्यांची व हमालीची गरज कमी झाली.

मनमाड येथील महामंडळाचे कोठार देशातील मोठ्या कोठारांपैकी आहे. पुण्यानजीक फुरसुंगी येथेही त्याचे गोदाम आहे. चाकण लोहमार्गावर नाही. तेथील कामगारवस्तीस लागणारे धान्य शेवटच्या टप्प्यात मालमोटारींनीच जाते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांना धान्याचा हक्क दिला. परंतु स्थलांतरित कामगाराला तो कामाच्या ठिकाणी मिळण्यासाठी शिधापत्रिका अन्य राज्यांतही चालणे आवश्यक होते; ही सोय ‘एक देश एक शिधापत्रिका’ योजनेने झाली. वाहतुकीची क्षमता आणि हा हक्क यांची सांगड जेथे पडते, तेथेच लोहमार्ग दुष्काळनिवारणाचे साधन ठरतो.