पाठीशी हिम नसलेल्या नद्या

हिमनदी म्हणजे निसर्गाने उंचावर भरून ठेवलेले पाण्याचे कोठार होय. हिवाळ्यात पडलेले हिम वर्षानुवर्षे थरावर थर साचून घट्ट होते आणि उन्हाळ्यात, खालच्या शेतकऱ्याला पाण्याची सर्वाधिक निकड असते त्याच वेळी, थोडेथोडे वितळून नदीला वाहती ठेवते. सिंधूचे खोरे तर या वितळत्या पाण्यावर फार मोठ्या प्रमाणात जगते. हे कोठार आता रिते होऊ लागले आहे. काठमांडू येथील पर्वतीय विकासाच्या आंतरराष्ट्रीय केंद्राने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०११ ते २०२० या दशकात हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्या त्याआधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटल्या. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या जतनासाठी वाहिले, ते याच चिंतेपोटी. हिम वितळू लागले की प्रारंभी नदीला पाणी वाढल्यासारखे वाटते. कोठारच संपत आले म्हणजे मात्र ते वर्षागणिक आटत जाते.

वाचक विचारतील, आपल्या महाराष्ट्रात हिम पडत नाही, मग या चिंतेशी आपला संबंध काय? संबंध आहे आणि तो जवळचा आहे. आपल्या नद्यांच्या पाठीशी हिमाचे कोठार कधीच नव्हते. चार महिने पाऊस. उरलेले आठ महिने मातीने, वाळूने आणि माणसाने जेवढे राखून ठेवले तेवढ्यावर गुजराण. हिमालयाच्या कुशीतील गावांपुढे जो प्रश्न आज उभा राहत आहे, तो सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील माणसे निदान दीडशे वर्षे सोशीत आली आहेत. पाणी साठवावे कसे, हा त्या प्रश्नाचा एक भाग. साठवलेले पाणी कोणाचे, हा दुसरा. यांपैकी दुसराच अधिक बिकट, असे त्या दीडशे वर्षांचा इतिहास सांगतो.

प्रथम भूगोल पाहू. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला महाबळेश्वरावर वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. तेथेच कृष्णा, कोयना आणि वेण्णा उगम पावतात. त्याच जिल्ह्याच्या पूर्व कडेला माण तालुका आहे. सरळ रेषेत हे अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही. पण ढग सह्याद्रीच्या माथ्यावरच रिते होतात आणि माणच्या वाट्याला वर्षभरात ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस येतो. तोही बेभरवशाचा. माण, खटाव आणि सांगलीकडील आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ व जत हा सारा अवर्षणाचा पट्टा. माणगंगा आणि येरळा या त्याच्या नद्या वर्षातील बराच काळ वाळूचे पात्र होऊन पडून असतात.

त्या वाळूला मात्र निर्जीव समजू नये. पावसाळ्यातील पाणी ती स्पंजासारखे धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना हळूहळू पाजत राहते. हिम हे सिंधूसाठी जे करते, ते येरळेसाठी तिची वाळू करीत असे. या मोजक्या साठ्यावर जगण्याची एक रीत या प्रदेशाने बसविली होती. ओलीवर येणारी शाळू, मोटेखालची थोडी बागाईत, आणि चाऱ्यामागे कोसच्या कोस चालत जाणारे धनगर व त्यांची मेंढरे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ याच मुलखातली आहे. ती कादंबरी वाचलेल्यांना पाऊस न आल्यावर अख्खे गाव कसे उठून जाते, हे निराळे सांगावयास नको.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर मोठा दुष्काळ आला, तेव्हा ही रीत कोलमडली. सरकारने दुष्काळी कामे काढली. माणगंगेवरील म्हसवडचा तलाव, ज्याला आज राजेवाडीचा तलाव म्हणतात, तो याच कामांतून उभा राहिला. खटाव तालुक्यातील येरळेवरचा नेर तलावही त्याच पिढीतला. त्याआधी १८६० नंतरच्या दशकात कऱ्हाडजवळ खोडशी येथे कृष्णेवर बंधारा घालून कृष्णा कालवा काढला गेला होता. भुकेल्या माणसांनी मातीच्या पाट्या वाहून रचलेले हे तलाव आजही पाणी धरतात, हे त्या अनाम कष्टकऱ्यांचे उपकार आहेत.

परंतु म्हसवडच्या तलावाने एक धडाही दिला. भिंत उभी राहिली माण आणि आटपाडीच्या सीमेवर. जमिनी बुडाल्या त्या परिसरातील. आणि लाभक्षेत्राचा मोठा भाग मात्र पडला खालच्या अंगाला, सांगोल्याच्या बाजूस. सांगोलाही दुष्काळीच, तेव्हा त्या शेतकऱ्यांना दोष देता येत नाही. तथापि तलावाच्या काठी उभे राहून कोरड्या शेताकडे पाहावे लागणे, हा अनुभव या भागातील लोकांना पुढे वारंवार यावयाचा होता.

याच काळात महात्मा जोतीराव फुले ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. फुल्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातील कटगुण. डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून माती व पाणी जागच्या जागी अडवावे आणि त्या कामी सरकारने आपले शिपाई लावावेत, अशी सूचना त्यांनी त्या ग्रंथात केली आहे. पाणलोट क्षेत्राचा विकास हा शब्द रूढ होण्याच्या शंभर वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

स्वातंत्र्यानंतर साठवण फार मोठी झाली. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात कोयनेचे धरण उभे राहिले. आज त्याची क्षमता सुमारे १०५ अब्ज घनफूट आहे. सह्याद्रीच्या पोटातील हे आपले हिमशिखरच म्हटले तरी चालेल. पण त्यातील पाण्याचा मोठा हिस्सा वीजनिर्मितीसाठी बोगद्यातून पश्चिमेकडे कोकणात सोडला जातो आणि वाशिष्ठीच्या मार्गे अरबी समुद्राला मिळतो. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजेच बच्छावत लवादाने, त्यासाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा ठरवून दिली. या विजेवर मुंबईचे कारखाने चालले, महाराष्ट्र उजळला, हे खरे. ज्यांची गावे शिवसागर जलाशयाखाली गेली त्यांनी पुनर्वसनासाठी दशकानुदशके वाट पाहिली, आणि माणदेश कोरडाच राहिला, हेही तितकेच खरे.

ज्या घरात पाणी टिकत नाही, त्या घरात माणूसही टिकत नाही. खानापूर-आटपाडीचे तरुण सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा शिकून भारतभरच्या शहरांत पांगले. कितीएक जण मुंबईच्या गिरण्यांत गेले. १९७२ च्या दुष्काळात मागे राहिलेल्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि पाझर तलाव खोदले. रोजगार हमी योजनेची कल्पना मांडणारे वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातील विसापूरचे. त्यांच्याच गावाकडे, तासगाव तालुक्यात, १९६५ च्या सुमारास तिचा पहिला प्रयोग झाला आणि पुढे १९७७ च्या कायद्याने ती साऱ्या राज्याची झाली. या योजनेने पोटाला आधार दिला. परंतु त्या कामांतून साठलेले पाणी कोणाच्या विहिरीत उतरणार, हे कायद्यात लिहिलेले नव्हते. ज्याची जमीन, त्याची विहीर. ज्याची विहीर, त्याचे पाणी.

या समीकरणाला पहिला धक्का पुरंदर तालुक्यातील नायगावी बसला. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर तेथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या मापाने द्यावयाचे नाही, घरातील माणसांच्या संख्येने द्यावयाचे, माणशी अर्धा एकर भिजेल इतके, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला मनाई. नियम मोजकेच, पण शतकांची रूढी उलटविणारे.

तेच बीज येरळेच्या काठी रुजले. १९८२ साली सुरू झालेला मुंबईतील गिरणी संप फसला आणि खानापूर तालुक्यातील कामगार गावी परतले. गावी दुष्काळ होता. येरळेतील वाळू ठेकेदार ट्रक भरभरून नेत होते आणि वाळू गेली की विहिरी आटत होत्या. डॉ. भारत पाटणकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साह्याने उभ्या राहिलेल्या मुक्ती संघर्ष चळवळीतून एक साधी मागणी पुढे आली. वाळू गावाच्या नदीची आहे. तिचा थोडा भाग मर्यादेत विकण्याचा अधिकार गावाला द्या, त्या पैशातून आम्ही आमचे धरण बांधू. बलवडीचे संपतराव पवार आणि त्यांचे सहकारी यांनी शासनाशी दीर्घ झगडा केला. के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्याने आपले ज्ञान दिले, विद्यार्थ्यांनी श्रमदान केले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘बळीराजा स्मृती धरण’ उभे राहिले. धरण लहान, पण नियम मोठा. पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा सारखा हक्क, मग त्याच्या नावे जमीन असो वा नसो.

पुढे हा नियम एका गावाचा राहिला नाही. १९९३ साली आटपाडी येथे दुष्काळी तालुक्यांतील शेतकऱ्यांची पाणी परिषद भरली. तिचे अग्रणी होते वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी. १९४२ नंतर प्रतिसरकारच्या लढ्यात उतरलेला हा सेनानी स्वतः कृष्णाकाठचा, म्हणजे पाणी असलेल्या बाजूचा. त्याने पाणी नसलेल्यांसाठी उभे राहावे, ही या इतिहासातील सर्वांत उदात्त गोष्ट मला वाटते. सांगोल्याचे गणपतराव देशमुख त्यांच्यासोबत होते. म्हसवडच्या तलावाने ज्या आटपाडी आणि सांगोल्यात अंतर पाडले होते, ती दोन्ही आता एका मंचावर आली.

बच्छावत लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले होते आणि त्या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर व्हावयाचा होता. तोवर पाणी वापरले नाही तर हक्क दुबळा होईल, या धास्तीने १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांना वेग आला तो त्यानंतर. कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून दुष्काळी माळांवर नेणे, असे त्यांचे स्वरूप आहे. अनेक ठिकाणी पाणी पोहोचले, डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या, पांगलेल्यांपैकी काही परतले. परंतु वर चढविलेल्या प्रत्येक थेंबाला विजेचे मोल असते. बिल थकले की पंप थांबतो. कालव्याच्या मुखाशी ऊस उभा राहिला की शेपटाकडचा शेतकरी कोरडा राहतो. जतच्या पूर्व भागातील गावांनी तर पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा केली आणि २०२२ साली तो विषय दोन राज्यांत गाजला.

२०१९ या एकाच वर्षाने हे सारे चित्र एकत्र दाखविले. त्या उन्हाळ्यात माणदेशातील शेतकरी आपली जनावरे घेऊन म्हसवडच्या चारा छावणीत राहत होते. ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, सांगली शहर पाण्याखाली गेले आणि ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांची नाव उलटून अनेकांचे प्राण गेले. ब्रह्मनाळ हे कृष्णा-येरळेच्या संगमावरचे गाव आहे. वर्षभर तहानलेली नदी जेथे येऊन मिळते, तेथेच माणसे बुडाली. हवामान बदलत आहे तसतसा पाऊसही असाच, थोड्या दिवसांत पुष्कळ, पडू लागला आहे. हिमालयात कोठार रिते होत आहे आणि आपल्याकडे कोठारात न मावणारे पाणी एकदम येत आहे.

लडाखमध्ये हिम मागे हटू लागले, तेव्हा चेवांग नोर्फेल या अभियंत्याने हिवाळ्यात वाया जाणारे पाणी सावलीच्या उतारावर अडवून गोठवावयास प्रारंभ केला. वसंतात ते वितळून शेताला मिळे. तेथील खेड्यांत ‘चुरपोन’ नावाचा एक माणूस गाव नेमते आणि कोणाच्या शेताला कधी पाणी सोडावयाचे हे तो ठरवितो. आपल्याकडचा पाटकरी तो हाच. म्हणजे साठवण आणि वाटप ही दोन्ही कामे तेथेही जोडीनेच चालतात. कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने श्रमदानाने चर खोदून २०१६ साली वॉटर कपचे पहिले पारितोषिक मिळविले, तेव्हा साठवणीचे अर्धे काम गावकऱ्यांना जमते हे पुन्हा सिद्ध झाले. उरलेले अर्धे येरळाकाठच्या माणसांनी आधीच करून दाखविले होते.

वसईच्या वाचकांना बावखल ठाऊक आहे. पावसाचे पाणी धरून भोवतालच्या विहिरी गोड ठेवणारे ते साधे तळे. कितीएक बावखले बुजली, त्यांवर इमारती चढल्या आणि मग टँकरची वाट पाहणे नशिबी आले. हिमनदी, येरळेची वाळू आणि बावखल ही तीन निराळ्या प्रदेशांतील एकाच कामाची तीन रूपे आहेत. हिमनदी वाचविणे आपल्या धर्मग्रामाच्या हाती नसेल. आपल्या परिसरातील विहीर, तळे आणि ओढा यांची नोंद करून ते बुजू न देणे, आणि नळाचे पाणी येईल त्या दिवशी शेवटच्या घराची घागर आधी भरली की नाही हे पाहणे, एवढे तरी आपल्या हाती खचित आहे.