कॅथेड्रलहून जुनं कुंड

जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये पाऊल टाकलं की नजर थेट समोरच्या सोनेरी वेदीकडे जाते. दाराजवळच्या दालनातल्या दगडी बाप्तिस्मा-कुंडापाशी फारसं कुणी रेंगाळत नाही. मी थांबते, कारण त्या वास्तूत कुंडाइतकं जुनं फार थोडं असेल. कुंड १५३२ सालचं. कॅथेड्रलचं बांधकाम सुरू झालं १५६२ मध्ये आणि संपलं १६१९ मध्ये; वेद्यांचं काम तर १६५२ पर्यंत रेंगाळलं. गोव्याचा धर्मप्रांतसुद्धा १५३४ चा. म्हणजे गोव्याला स्वतःचा बिशप नव्हता तेव्हाही हे कुंड होतं.

हा क्रम मला मोलाचा वाटतो. वेदीपाशी फादर उभे राहतात, प्रवचनपीठावरही तेच. कुंडापाशी मात्र कोळ्याचं, कुणब्याचं, सुताराचं पोर येतं आणि तिथेच त्याचं नाव ठरतं. सामान्य माणसाचा इतिहास शोधायचा तर चर्चमध्ये याच दगडापासून सुरुवात करावी.

या दगडाची परंपरा मुळात युरोपातली. सुरुवातीला प्रौढ माणसं पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेत. संत ऑगस्टीनचा बाप्तिस्मा ३८७ साली मिलान शहरात झाला, तो अष्टकोनी बाप्तिस्मागृहात. सात दिवसांनी सृष्टी पुरी झाली, आठव्या दिवशी ख्रिस्त उठला, म्हणून आठ बाजू. पुढे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा रूढ झाला, तसं कुंड जमिनीतून वर आलं आणि कमरेएवढ्या खांबावर बसलं. त्यातलं आशीर्वादित पाणी दीर्घकाळ तसंच ठेवलेलं असे. जादूटोण्यासाठी ते चोरीला जाई, म्हणून १२३६ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपनी कुंडांना झाकण आणि कुलूप लावायचा हुकूम काढला. इंग्लंडमधल्या खेड्यांतल्या जुन्या कुंडांच्या काठावर लोखंडी कड्या बसवल्याच्या खुणा अजून दिसतात.

गोव्याच्या कुंडाशी संत फ्रान्सिस झेवियर यांचं नाव जोडलं जातं. ते ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले; हातातली घंटा वाजवत रस्त्यांतून मुलांना गोळा करत. त्यांनी याच कुंडातून हजारोंना बाप्तिस्मा दिला असं सांगतात. मला मात्र हजारांचे ते आकडे दक्षिणेच्या किनाऱ्यावरचे वाटतात. बाप्तिस्मा देता देता हात थकून जातात, असं त्यांनी जानेवारी १५४४ च्या पत्रात लिहिलं, ते तिथल्या कोळीवाड्यांबद्दल. तिथे दगडी कुंड कुठलं असणार? संतांचं मोठेपण त्याने तसूभरही कमी होत नाही.

या पाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १५४० मध्ये पोर्तुगीजांनी गोव्याच्या तिसवाडीतली देवळं पाडली, १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आलं. कुणी श्रद्धेने आलं, कुणी जमीन वाचवायला, कुणी भीतीने. आमचे पूर्वज यांपैकी कशासाठी आले, हे वसईतल्या घरी कधी कुणी बोललं नाही. मी ख्रिस्ती आहे आणि माझी श्रद्धा खरी आहे. म्हणूनच हे लपवावंसं वाटत नाही.

वसई आणि गोवा दगडानेही जोडलेले आहेत. बॉम जेझू बॅसिलिकाच्या दर्शनी भागावरचं कोरीवकाम वसईहून समुद्रमार्गे नेलेल्या काळ्या दगडाचं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेवर १७२१ हे साल आहे. घंटा कुठेही टांगली की वाजते. कुंडाचं तसं नाही. ज्या वस्तीसाठी ते घडवलं, ती उठली की नुसता दगड उरतो.

आमच्या वाशीच्या चर्चमधलं कुंड लहान, गुळगुळीत संगमरवराचं. नातीच्या बाप्तिस्म्याला मी अगदी शेजारी उभी होते. फादरनी शिंपल्याने तीनदा पाणी ओतलं, टाळूला तेल लावलं, पांढरं वस्त्र पांघरलं. धर्मपित्याने पास्काच्या मोठ्या मेणबत्तीवरून छोटी मेणबत्ती पेटवली. सगळं मराठीतून. माझ्या वेळी विधी लॅटिनमध्ये होता आणि जिभेवर मीठ ठेवलं होतं. १९६९ च्या नव्या विधीत ते मीठ गेलं.

बदललेली नाही ती वही. बाप्तिस्म्यांची नोंद ठेवा असा आदेश ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये दिला, तो आजही चालतो. लग्न ठरलं की जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चचा ताजा दाखला लागतो, आणि लग्न लागल्यावर त्याची बातमी तिथे परत कळवली जाते. माझं लग्न वाशीत लागलं. चर्चने वसईला पत्र धाडलं, आणि तिथल्या वहीत माझ्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी नवऱ्याचं नाव, तारीख आणि वाशी हे गाव लिहिलं गेलं. नातीची नोंद आता वाशीच्या वहीत आहे. ती उद्या टोरांटोत लग्न करो की ठाण्यात, पत्र वाशीलाच येईल.