संगणकांतील लपलेला पाहुणा

आपल्या घरांत कोण येतें आणि कोण राहतें, हें घरधन्यास ठाऊक असावें, हा व्यवहारांतील अगदीं साधा नियम आहे. संगणक घरोघर पोहोंचला, आणि या नियमाची कसोटी लागण्याची वेळ आली. तिचा गाजलेला प्रसंग २००५ सालीं अमेरिकेंत घडला.

मार्क रुसिनोविच हे विंडोज प्रणालीचे नामांकित अभ्यासक. लपविलेल्या फाइली हुडकणारें एक साधन त्यांनीं सहकाऱ्यासह तयार केलें होतें. त्याची चाचणी स्वतःच्या संगणकावर घेत असतां एक फोल्डर, कांहीं ड्रायव्हर व एक प्रोग्रॅम हीं त्यांस आढळलीं. आणि यांपैकीं एकहि वस्तु नेहमींच्या यादींत दिसत नव्हती.

न दिसणारी वस्तु सांपडली कशी? एखाद्या पेढीचा लबाड कारकून मालकास खातेवही वाचून दाखवितांना ठराविक पानें गाळतो, असें समजा. मालक केवळ ऐकत राहील, तर त्यास कधींच संशय येणार नाहीं. परंतु त्यानें वही हातीं घेऊन स्वतः पानें चाळलीं आणि ऐकलेल्याशीं ताडून पाहिलीं, तर गाळलेलें पान तत्काळ उघडें पडतें. हें साधन तेंच करीत असे. विंडोजनें सांगितलेली यादी एकीकडे, आणि हार्ड डिस्कवरून परस्पर वाचलेली नोंद दुसरीकडे. दोहोंत जो फरक, तेथेंच संशयाला जागा. येथें लबाडी करणारा ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यांत बसला होता. डॉलरचें चिन्ह, ‘सिस’ हीं अक्षरें व पुन्हां डॉलरचें चिन्ह, अशा आरंभाचें कोणतेंहि नांव तो यादींतून गाळी.

माग काढतां काढतां रुसिनोविच एका ब्रिटिश कंपनीपर्यंत, व तेथून सोनी बीएमजीनें विकलेल्या ‘व्हॅन झँट’ यांच्या गाण्यांच्या सीडीपर्यंत पोहोंचले. सीडीच्या मनमानी नकला होऊं नयेत म्हणून ही योजना होती. ग्राहकानें मान्य करावयाच्या करारपत्रांत या लपवालपवीचा उल्लेख नव्हता, आणि ती काढून टाकण्याची सोयहि ठेवलेली नव्हती. रुसिनोविच यांनीं त्या फाइली स्वतःच काढल्या, तों संगणकांतून सीडी ड्राइव्हच नाहींसा झाला! कारण ड्राइव्हकडे जाणाऱ्या वाटेवर हे ड्रायव्हर चौकी मांडून बसले होते. चौकीदार गेला, पण त्याच्याकडूनच जावें ही नोंद प्रणालींत तशीच राहिली. ती नोंद खोडल्यावर ड्राइव्ह पुन्हां दिसूं लागला.

३१ ऑक्टोबर २००५ रोजीं त्यांनीं हें सर्व प्रसिद्ध केलें. त्यानंतर कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी अमेरिकन रेडिओवर म्हणाले, कीं बहुतेकांस ‘रूटकिट’ म्हणजे काय हेंच ठाऊक नाहीं, मग त्यांनीं त्याची फिकीर कां करावी? याचें उत्तर आठवड्याभरांतच मिळालें. घातक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनीं आपल्या फाइलींच्या नांवांस तींच आरंभाक्षरें लावून त्याच पडद्याआड आश्रय घेतला. पुढें कंपनीनें हें काढून टाकण्याचें जें साधन दिलें, तें संगणकाचें दार परक्यास मोकळें ठेवतें, असें प्रिन्स्टन विद्यापीठांतील एडवर्ड फेल्टन व अ‍ॅलेक्स हॉल्डरमन यांनीं दाखवून दिलें.

नोव्हेंबरांतच कंपनीस ५२ नांवांच्या सीडी परत घ्याव्या लागल्या. त्यांच्या सुमारें ४७ लाख प्रती बाजारांत गेल्या होत्या व सुमारें २१ लाख विकल्या गेल्या होत्या. टेक्सास राज्यानें खटला भरला. आणि जानेवारी २००७ मध्यें संघराज्याच्या व्यापार आयोगाशीं झालेल्या तडजोडींत, संगणकाचें नुकसान झालेल्या ग्राहकास १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचें कंपनीनें मान्य केलें.

आपल्या मालाचें रक्षण करण्याचा अधिकार विक्रेत्यास आहे, यांत वाद नाहीं. परंतु कुलूप आपल्या दुकानास लावावें; गिऱ्हाइकाच्या घरांत त्याच्या नकळत पहारेकरी बसवूं नये, हा धडा या प्रकरणानें घालून दिला. घरधन्यानेंहि एक गोष्ट लक्षांत ठेवावी. प्रत्येक लपलेली फाइल वैरी नसते. प्रणाली स्वतःच्याहि कित्येक आवश्यक फाइली चुकून हात लागूं नये म्हणून झांकून ठेवते. म्हणून शोध निर्भयपणें घ्यावा. पण फाइल काढण्यापूर्वीं ती कशास जोडलेली आहे, हें आधीं पाहावें.