नळी नको, बादलीही नको!

खंडेनवमी आणि दसऱ्याच्या सकाळी घरोघरी मोटारसायकली धुण्याची लगबग असते. झेंडूचा हार चढण्यापूर्वी गाडी लख्ख दिसावी, ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र त्यासाठी नळी लावून पाणी सोडून देण्याची सवय आता परवडणारी राहिलेली नाही. नळीतून मिनिटाला दहा लिटर पाणी वाहते असे धरले, तरी दहा मिनिटांत शंभर लिटर पाणी गटारात जाते. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले. त्या हिशेबाने एका गाडीच्या आंघोळीत जवळजवळ दोन माणसांचे दिवसभराचे पाणी संपते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. मार्च २०२४ मध्ये बंगळूरमध्ये पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी घालून पाच हजार रुपये दंडाची तरतूद करण्यात आली. गाडी धुणे ही आता केवळ घरगुती बाब उरलेली नाही, हे या दोन घटनांवरून दिसते.

प्रत्यक्षात मोटारसायकल स्वच्छ करण्यास अर्धा ते एक लिटर पाणी पुरते. तेही बादलीत नव्हे, तर फवारणीच्या बाटलीत घ्यायचे.

नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावात या पद्धतीची खरी परीक्षा होते. हा तापी खोऱ्याचा, काळ्या मातीचा प्रदेश. ही माती ओली झाली की फुगते आणि चिकटते, वाळली की आकसून तिला भेगा पडतात. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीच्या चाकात आणि मडगार्डमध्ये हा चिखल असा बसतो, की चाक फिरेनासे होते. उन्हाळ्यात हीच माती बारीक धूळ होऊन टाकीपासून चेनपर्यंत सर्वत्र साचते. शहरातील गाडीवर धूर, तेलकट काजळी आणि बांधकामाची धूळ असते. मळ वेगळा असला, तरी तत्त्व एकच आहे. गाडीचा रंग खराब होतो तो पाणी न मिळाल्याने नव्हे, तर धुळीवर कोरडे फडके रगडल्याने. धुळीतील वाळूचे कण रंगावरील थरापेक्षा कठीण असतात. ते फडक्याखाली घासले जातात आणि उन्हात टाकीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसू लागतात. रोज सकाळी निघण्यापूर्वी सीटखालचे तेच कळकट फडके टाकीवरून फिरविणारे गाडीवर प्रेमच करीत असतात, पण तिचे नुकसान त्यांच्याच हातून होते!

म्हणून सुरुवात ब्रशने करावी. गाडी सावलीत मेन स्टँडवर लावावी आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या पत्र्यावर साबणाचे पाणी पुसण्यापूर्वीच वाळते व डाग राहतात. खानदेशातील उन्हाळ्यात त्यासाठी भल्या सकाळचीच वेळ बरी. मऊ केसांच्या रुंद ब्रशने, दाब न देता, वरून खाली धूळ झटकावी. रंगकामाचा नवा ब्रशही चालतो. चिखल असल्यास तो पूर्ण वाळू द्यावा. काळ्या मातीचा वाळलेला थर लाकडी काडीने ढकलला तरी खपल्यांनी सुटतो. ओला असताना पुसायला गेल्यास तो केवळ पसरतो. मडगार्डच्या आतील बाजूचा चिखल मात्र विसरू नये. तेथे ओल टिकून राहते आणि गंज आतून धरतो.

यानंतर अर्धा लिटर स्वच्छ पाण्यात वाहनांसाठी मिळणारा सौम्य शाम्पू अर्धा चमचा मिसळून बाटली भरावी. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण वापरू नये, कारण त्याने रंगावरील मेणाचा थर निघून जातो. बाजारातील ‘वॉटरलेस’ द्रावणेही याच तत्त्वावर चालतात. त्यांतील घटक मळ सैल करतात, त्याच्या कणांभोवती निसरडा थर देतात आणि पुसल्यावर मेणाचा किंवा पॉलिमरचा पातळ लेप मागे ठेवतात. द्रावण एका वेळी एकाच भागावर भरपूर फवारावे, अर्धा मिनिट थांबावे आणि फडके एकाच दिशेने, हलक्या हाताने ओढावे. गोल गोल घासू नये.

फडके मायक्रोफायबरचे असावे. पॉलिएस्टर व पॉलिअमाइडच्या चिरलेल्या, केसाहून बारीक तंतूंत मळ अडकून राहतो, तो रंगावरून फरफटत नाही. फडक्याची चौपदरी घडी केल्यास दोन्ही बाजू धरून आठ कोऱ्या बाजू मिळतात. प्रत्येक वेळी नवी बाजू वापरावी आणि आठही मळल्या की दुसरे फडके घ्यावे. या पद्धतीचे यश द्रावणापेक्षा या शिस्तीवर अधिक अवलंबून आहे. जुनी बनियन टाकीसाठी नव्हे, तर इंजिन आणि चेनसाठी राखून ठेवावी. क्रमही महत्त्वाचा: आधी टाकी आणि साइड पॅनेल, मग हेडलाइट, मडगार्ड, इंजिन आणि शेवटी चाके. पक्ष्यांची विष्ठा किंवा चिकटलेले किडे खरवडू नयेत. त्यांवर ओले फडके दोन-तीन मिनिटे ठेवले की ते अलगद सुटतात.

इंजिनाच्या पात्यांमधील धूळ जुन्या टूथब्रशने निघते, तर तेलकट डागांना फडक्यावर घेतलेले थोडे रॉकेल पुरते. ते तापलेल्या सायलेन्सरजवळ नेऊ नये. ब्रेकच्या डिस्कवर आणि टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागावर तेल, पॉलिश किंवा चकाकीचा स्प्रे चुकूनही लागू देऊ नये. ब्रेक लागत नाही आणि गाडी घसरते.

वॉशिंग सेंटरमधील जोरदार फवाऱ्याने गाडी झटपट चकाकते, हे खरे. पण तोच फवारा चाकांच्या व हँडलच्या बेअरिंगमध्ये शिरला, तर ग्रीस धुऊन निघते आणि वायरींच्या जोडांत पाणी राहते. बाटलीने पुसलेल्या गाडीला हा धोका नसतो. अर्थात, मर्यादा या पद्धतीलाही आहेत. भर पावसात रोज चिखलातून जाणारी गाडी अर्ध्या लिटरात नवी दिसणार नाही. शिवाय वापरलेली फडकी धुण्यास तांब्या-दोन तांबे पाणी लागतेच. ती इतर कपड्यांत मिसळू नयेत. कापसाच्या शेतातून कीटकनाशकाचे डबे वाहून आणणारी गाडी पुसताना हातमोजे घालावेत आणि ते फडके पुन्हा वापरू नये.

चेनचे काम सर्वांत शेवटी. बहुतेक साध्या गाड्यांत ती झाकणाआड असते. उघडी असल्यास धुळीने लवकर खराब होते. इंजिन बंद ठेवून मागचे चाक हाताने फिरवावे. वेळ वाचविण्यासाठी इंजिन सुरू करून गिअरमध्ये चाक फिरविणे आणि चेनला फडके लावणे, यात बोट स्प्रॉकेटमध्ये सापडण्याचा धोका असतो. टूथब्रश आणि रॉकेलने जुना थर काढावा, खाली पुठ्ठा किंवा जुना कागद अंथरावा, म्हणजे काळे तेल मातीत मुरत नाही. चेन कोरडी पुसून खालच्या पट्ट्याच्या आतील बाजूस तेल सोडावे, चाक चार-पाच फेरे फिरवावे आणि वरवर उरलेले तेल टिपून घ्यावे. नाहीतर पुढच्या शेतरस्त्यावरची सारी धूळ त्यालाच येऊन चिकटते.