मारिया, मोरी, मावली : एका स्त्रीनामाचे मराठीकरण

इटालियन स्त्रीनामांत 'मारिया'इतके रुजलेले नाव दुसरे नसेल. आणि त्याच्याइतका अनिश्चित अर्थ असलेलेही क्वचितच आढळेल. मूळ हिब्रू 'मिर्याम'. त्यात कोणी 'कटुता' पाहिली, कोणी 'बंडखोरी', कोणी 'इष्ट अपत्य'. जेरोमने त्याचा लॅटिन अर्थ 'सागराचा थेंब' असा दिला होता आणि नकलाकारांच्या हातून 'स्तिल्ला'चे 'स्तेल्ला' होऊन 'सागरतारका' हा अर्थ रूढ झाला, असे मानले जाते. एका स्वराच्या चुकीने युरोपला शेकडो स्तोत्रे दिली. शिवाय रोममध्ये 'मारिउस' या कुलनामाचे स्त्रीरूप म्हणून 'मारिया' ख्रिस्तपूर्व काळापासूनच प्रचारात होते. म्हणजे इटलीत हे नाव एकाच वेळी परके आणि घरचे होते.

अर्थ निसटता असल्यामुळेच कदाचित या नावाभोवती उपाधींचा विस्तार झाला. आसुंता, कोंचेत्ता, आन्नुन्त्सियाता, आद्दोलोराता ही इटालियन मुलींची नावे म्हणजे मारियेच्या आयुष्यातील प्रसंग आणि तिची विशेषणे : स्वर्गी नेली गेलेली, निष्कलंक गर्भधारणेची, देवदूताने शुभवार्ता सांगितलेली, दुःखमग्न. विशेषणाचे विशेषनाम होणे ही प्रक्रिया मराठी वाचकाला अपरिचित नाही. सहस्रनामांनी आपल्याकडे नेमके हेच केले आहे. भिवंडीजवळच्या 'पूर्णा'सारखे नाव गावाचे असो वा मुलीचे, ते ऐकताक्षणी अर्थासह उलगडते. नाम सार्थ असावे, ही अपेक्षा मराठी श्रोत्याच्या कानात मुरलेली आहे.

या अपेक्षेची पहिली मोठी कसोटी फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'त लागली. रोममध्ये जेझुइट संघात प्रवेश घेतलेला हा इंग्रज 1579 मध्ये गोव्यात आला. त्याचे ओवीबद्ध पुराण 1616 मध्ये रोमन लिपीत छापले गेले. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्याइतके धाडस त्याने दाखवले. विशेषनामांपाशी मात्र तो थांबला. 'मरिया' हे नाव त्याने भाषांतरिले नाही. त्याला 'अंकुवारी' हे विशेषण जोडले. स्टीफन्सच्या मराठीप्रेमाचा गौरव करताना समीक्षकांचे या थांबण्याकडे दुर्लक्ष झाले आहे. सामान्यनामे मराठी आणि विशेषनामे अस्पर्श, ही केवळ शैलीची निवड नव्हती. बाप्तिस्म्यात जुने नाव टाकून नवे धारण करावे लागे, त्या समाजात नाव हेच धर्मांतराचे चिन्ह होते. ते मराठीत विरघळू देणे मिशनऱ्याला परवडणारे नव्हते.

त्यात ध्वनीची एक अडचणही होती. मराठीत 'मरी' म्हणजे साथीचा रोग, आणि 'मरीआई' ही गावकुसाबाहेरची, पटकीची देवता. स्टीफन्सच्या मनात हे साम्य होते असा दावा करण्यास आधार नाही. पण देशावरच्या श्रोत्याला ते टाळता आले नसते. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत हे नाव 'मोरी' असे झाले.

ग्रंथाने जे केले नाही ते लोकांनी केले. गोव्यात मारिया 'सायबीण' झाली. अरबी 'साहिब'ला देशी स्त्रीप्रत्यय लागून झालेला हा शब्द पोर्तुगीज 'सेन्योरा'च्या आणि 'माझी स्वामिनी' असा मूळ अर्थ असलेल्या इटालियन 'मादोन्ना'च्या नेमका शेजारी बसतो. एवढा अचूक पर्याय कोणत्याही पंडिताने योजला नव्हता! वसईत 'नोसा सेन्योरा दुस रेमेदियुस', म्हणजे आरोग्यदायिनी माता, हिच्या नावातील शेवटचा शब्दच 'रमेदी' होऊन स्थलनाम बनला. वांद्र्याच्या टेकडीवर पोर्तुगीज 'मोंत'ला 'मावली' जोडून 'मोत मावली' हे नाव घडले. 'मोत'मध्ये डोंगर ऐकू येईनासा झाला, तरी 'मावली'ने नामाला अर्थ दिला. तिथली मूर्ती समुद्रात कोळ्यांना सापडली अशी आख्यायिका आहे. जेरोमच्या नकलाकारांची चूक ज्यांनी कधी ऐकली नव्हती, त्यांनीही मारियेला सागराशीच जोडले. 8 सप्टेंबरच्या जन्मोत्सवानंतर भरणाऱ्या तिच्या जत्रेत ख्रिस्तीतर भाविकही मोठ्या संख्येने येतात.

म्हापशाचे उदाहरण याच्याही पुढचे आहे. तेथील 'मिलाग्रिस सायबीण' ही लोकपरंपरेत सात बहिणींपैकी एक, शिरगावच्या लईराईची बहीण, आणि तिचे आधीचे नाव मिराबाई. 'मिलाग्रिस'चा पोर्तुगीज अर्थ 'चमत्कार'. लोकांना त्याची गरज भासली नाही. ध्वनीच्या आधाराने त्यांनी परक्या नावाखाली आपले नाव राखले. याला धर्मसमन्वय म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु समन्वय दोन समबलांत होतो, आणि 1684 च्या फर्मानाने तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम देणारी सत्ता समबल नव्हती. धर्मांतरित कुटुंबाला स्वतःचे नाव राखता आले नाही; देवीचे मात्र राखता आले, कारण ते कोणत्याही नोंदवहीत लिहायचे नव्हते. मिलाग्रिसच्या चर्चमधून लईराईला तेल जाते आणि लईराईकडून बहिणीला मोगऱ्याची फुले येतात, अशी प्रथा तेथे आजही सांगितली जाते.