अंधारातली दोरी, उजेडातले जाळे

रात्री मासेमारी करणाऱ्याला दोन गोष्टी लागतात. मासा गळाला लागला हे कळावे लागते आणि लागल्यावर हातापुढचे दिसावे लागते. या दोन गरजांचा इतिहास आपल्याकडे कोणी फारसा लिहिलेला नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांच्या पोटाशी मात्र त्याचा थेट संबंध आहे.

१८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये दालदी मुसलमानांची नोंद मच्छीमार म्हणून आहे. खाडीत होडी उभी करून गरवणाऱ्याला मासा लागल्याची खबर बोटच देते. दोरी तर्जनीवरून पाण्यात सोडायची आणि डोळ्यांपेक्षा बोटावर भरवसा ठेवायचा. खेकड्याची कुरतड कोणती, लहान माशाची टोच कोणती आणि मोठ्या माशाची ओढ कोणती, हे बोट सांगते. हे ज्ञान पुस्तकात नव्हते, बापाच्या हातातून मुलाच्या हातात येत होते.

समुद्रात गोष्ट वेगळी. तिथे काळोखच मदतीला येतो. अंधाऱ्या रात्री बांगड्याचा थवा सरकला की पाण्यातले सूक्ष्म जीव चकाकतात आणि त्या चकाकीवरून थवा ओळखता येतो. चांदण्यात ती खूण पुसट होते. म्हणून कोळ्याने अमावास्या मोजली आणि दालद्याने चाँदची तारीख. हिशेब दोघांचा एकच.

होडीतला दिवा या काळोखात पाहुण्यासारखा होता. आधी दिवटी, मग रॉकेलचा कंदील. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत पेट्रोमॅक्स तयार झाली आणि पुढे तिच्यासारखी गॅसबत्ती आपल्या बंदरांवरही आली. या साऱ्यांचे मुख्य काम माणसाला दिसावे एवढेच होते. गळात आमिष लावायचे, गुंता सोडवायचा, दुसऱ्या होडीला आपली जागा दाखवायची.

इंग्लंडमध्ये तळ्याकाठी हौसेने गळ टाकणाऱ्यांनी बोटाचे काम यंत्राला दिले. रिचर्ड वॉकर यांनी १९५२ साली रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा कार्प मासा पकडला. त्याच काळात त्यांनी विजेचा इशारायंत्र बनवला. दोरी ओढली गेली की विजेचे मंडल जुळे आणि यंत्र वाजे. पुढे अशा यंत्रांना लहान दिवाही जोडला गेला. पण हा दिवाही माणसालाच जागे करणारा होता. माशाला तो काही सांगत नव्हता.

एलईडीने हे नाते उलटे केले. निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्या दिव्याने घराघरातली वीज वाचवली, तोच जनरेटरवर चालणाऱ्या मोठ्या नौकांवर चढला. निळा-हिरवा उजेड पाण्यात तांबड्यापेक्षा खोल जातो. त्याभोवती सूक्ष्म जीव जमतात, त्यांच्या मागे लहान मासे आणि त्यांच्या मागे मोठे. मग पर्ससीनचे जाळे भोवती फिरते. दिवा आता आमिष झाला. पिल्लू कोणते आणि अंडी घालायला आलेली मादी कोणती, हे असे जाळे विचारत नाही.

केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ रोजी देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडीच्या उजेडावरील मासेमारीस बंदी घातली. महाराष्ट्राने आपल्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ साली सुधारणा करून दंड वाढवला. तरीही रात्री समुद्रात दिवे दिसल्याच्या तक्रारी होत राहिल्या.

इथे आपण दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळे होऊ शकत नाही. एकाच मोहल्ल्यात एका घरचा माणूस लहान होडीत गरवायला जातो आणि शेजारच्या घरचा पोर पर्ससीनवर खलाशी असतो. दोघांनाही चूल पेटवायची आहे. पण पहिल्याचा मासा दुसऱ्याच्या दिव्याकडे गेला, तर पहिल्याला कोणता कायदा पुरेल? आणि पिल्लेच संपली, तर दुसऱ्याची नोकरी तरी किती वर्षे टिकेल?

जुन्या मच्छीमाराकडे साधने कमी होती, म्हणून तो थोडे घेऊ शके. आपल्याकडे साधने पुष्कळ आहेत. आता थोडे घेणे आपल्याला ठरवावे लागेल. काळोखाने जी मर्यादा आपोआप घातली होती, ती यापुढे आपल्यालाच घालून घ्यायची आहे. ती बंदरावरच्या बैठकीत, कोळी आणि दालदी एकत्र बसून ठरली, तर सरकारी गस्तीनौकेची वाट पाहावी लागणार नाही.