पुसलेली चित्रे, उरलेले आवाज

दिवाळीच्या तोंडावर माळा आवरायला काढला, की घरोघर एकच वाद रंगतो. मोठ्यांना जी अडगळ वाटते, तिच्यातच नेमका पोरांचा जीव अडकलेला असतो. असाच वाद एकदा इंग्लंडातल्या एका फार मोठ्या घरात झाला आणि त्यात पोरांचे खरे ठरले. त्याची ही हकीकत.

२३ नोव्हेंबर १९६३ चा शनिवार. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झालेली. त्या सुन्न संध्याकाळी बी. बी. सी.च्या दूरचित्रवाणीवर ‘डॉक्टर हू’ ही मालिका सुरू झाली. मुलांसह सगळ्या घराने बसून पाहावी अशी. पोलिसांच्या टेलिफोनच्या पेटीत शिरून काळाच्या मागेपुढे हिंडणारा एक विक्षिप्त म्हातारा हा तिचा नायक. पहिल्या कथेचा दिग्दर्शक होता वारिस हुसेन. वय अवघे चोवीस. जन्म लखनौचा, बालपण मुंबईचे. १९४६ साली तो घरच्यांबरोबर विलायतेला गेला. त्याची आई अत्तिया हुसेन या इंग्रजीतल्या नामवंत लेखिका.

१९६४ च्या फेब्रुवारीत ‘मार्को पोलो’ ही सात भागांची कथा सुरू झाली. त्यांतले सहा भाग हुसेनचे. पामीरच्या बर्फापासून कुब्लाई खानाच्या दरबारापर्यंतचा सारा प्रवास लंडनच्या स्टुडिओत उभा केलेला! आणि या सातांपैकी एकही भाग बी. बी. सी.ने राखला नाही.

असे का व्हावे? यात खलनायक कोणी नव्हता. त्या काळची चित्रफीत दोन इंच रुंद आणि भारी महाग. पुसून तिच्यावर नवे मुद्रण करता येई. नटांशी झालेल्या करारांमुळे जुने भाग पुन्हा दाखवणे अवघड. पुढे रंगीत चित्रे आली, तशी काळ्यापांढऱ्यांना मागणी उरली नाही. परदेशी विकलेल्या फिल्मच्या प्रती काम संपले की परत धाडाव्यात, पुढच्या देशाला द्याव्यात किंवा नष्ट कराव्यात, असा दंडक होता. हे चित्र उद्या कोणी घरी विकत घेऊन पाहील, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. १९७८ च्या सुमारास हा नाश थांबला, तोवर फार उशीर झाला होता.

पण कारकुनांनी जे पुसले, ते पोरांनी राखले होते! काही घरी नुकताच टेपरेकॉर्डर आलेला. शनिवारी मालिकेची वेळ झाली, की दूरचित्रवाणीसमोर मायक्रोफोन ठेवायचा, घरातल्यांना गप्प बसवायचे आणि कार्यक्रम टिपून घ्यायचा. पुन्हा ऐकावासा वाटतो, एवढाच हेतू. आज पहिल्या सहा वर्षांतल्या २५३ भागांपैकी प्रत्येकाचा आवाज उपलब्ध आहे. ज्यांचे चित्र हरवले, त्यांचा आवाज राहिला तो या मुलांच्या फितींवर.

चित्रांचाही थोडा माग राहिला. जॉन क्युरा नावाचे गृहस्थ दूरचित्रवाणीच्या पडद्याचेच फोटो काढून दिग्दर्शकांना आणि नटांना विकत. ‘मार्को पोलो’च्या सहा भागांचे असे फोटो पुढे सापडले, ते खुद्द वारिस हुसेनच्या संग्रहात. चौथ्या भागाचे मात्र नाहीत. तो दुसऱ्याने दिग्दर्शित केला होता ना!

मग संग्राहकांचा शोध सुरू झाला. हाँगकाँगहून एक संपूर्ण कथा परत आली, तिची चारही रिळे १९९२ साली इंग्लंडने पाहिली. २०१३ साली नायजेरियातल्या जोस गावच्या दूरचित्रवाणी केंद्रातल्या फळीवर हरवलेले नऊ भाग निघाले. एवढे होऊनही त्या वर्षी ९७ भाग बेपत्ताच होते.

२००३ साली ‘मार्को पोलो’चा आवाज बी. बी. सी.ने तबकड्यांवर विक्रीस काढला. ज्या घराने चित्र पुसले, त्यालाच आवाज मिळाला तो प्रेक्षकांच्या घरून. डोळे मिटून ऐकावे, हाताशी ते फोटो ठेवावेत, की वाळूचे वादळ घोंघावू लागते आणि खानाचा दरबार भरतो.

तेव्हा यंदा माळा आवरताना एखादी जुनी ध्वनिफीत हाती लागली, तर फेकण्यापूर्वी पोरांना एकवार विचारावे. आणि तीत आजीचा आवाज असेल, तर आधी आजोबांना.